सात पस्तीसचं पाणी

खंभात
आषाढ वद ६

भद्रेश,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही, खाली आशीर्वादही येणार नाहीत. शोधत बसू नकोस.

काल दुपारी समोरच्या वासंतीबेनकडे माझ्या नावाचा फोन आला. वडोदऱ्याहून हसुमतीबेन. ही माझी नणंद फोनवर कधी 'कशा आहात' विचारत नाही.

"भाभी, आजचं छापं पाहिलंत?"

"आमच्याकडे कुठे येतं छापं? का?"

"तुम्ही आणि बा छापून आला आहात."

"हसुमतीबेन, बांना जाऊन दोन महिने झाले."

"म्हणून तर विचारते."

मग यांना अकीकच्या कारखान्यातून बोलावून घेतलं आणि बसस्टँडवर पिटाळलं. पान सातवर आम्ही दोघी. खाली लिहिलेलं, 'वैशाखातली एक संध्याकाळ: सासूला पाणी पाजणारी सून'. शेजारी तुझा दाढीवाला चेहरा आणि तुझे विचार. वडोदऱ्यात म्हणे तू पन्नास फोटोंचं प्रदर्शन मांडलं आहेस, नाव 'दिवेलागणीआधी'. सगळी माणसं घरात बसलेली, अंधुक उजेडात, त्यांना न कळता टिपलेली. शिंपी, न्हावी, इस्पितळाच्या बाकावरची म्हातारी. आणि आम्ही. 'अर्ध्या उजेडात माणसं खोटं बोलत नाहीत, चेहरा आवरायचा असतो हे विसरून जातात.' वा रे पंडित!

आता माझं ऐक. बांचा एकही फोटो नव्हता. लग्नाचा नाही, आमच्या सोहमच्या बारशाचा नाही, तीर्थाचा नाही. "देहाचा कसला फोटो काढायचा, तो काय राहणार आहे?" असं म्हणून त्या उठून आत जात. तू आजारी बांना भेटायला आलास तेव्हा दारातच मी तुला बजावलं होतं की कॅमेऱ्याची पिशवी उघडायची नाही. तू मान डोलावलीस. आईची शपथ घालायला हवी होती.

आणि तू उघडलीस कधी? मी सामायिकाच्या जपाला बसल्यावर. कटासण्यावर बसलेल्या बाईला अठ्ठेचाळीस मिनिटं संसाराचा शब्द बोलता येत नाही, उठता येत नाही. घडीतली रेती खाली येईपर्यंत ती बांधलेली असते. हे तुला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी माझ्या डब्यातली सुखडी तू याच अठ्ठेचाळीस मिनिटांत खायचास. माझ्या पाठीमागे उंबऱ्याशी टिक झालं. मग परत टिक. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, श्वास धरून तू उभा असणार, कारण फ्लॅश तुला चालत नाही. मला चालत नाही म्हणून नव्हे. तुला 'खरा' उजेड हवा म्हणून. मी नवकार म्हणत होते आणि दर टिकेला एक मणी चुकत होता. चोर निदान रिकाम्या घरात शिरतो.

फोटो उतरव. आजच. आणि खालची ओळ चुकीची आहे. ती वेळ संध्याकाळची नव्हती, सकाळची होती. तू विसरला असशील. छापेवाल्यांना तसं कळव.

यंदा संवत्सरीला गावभर क्षमापनेची पत्रं लिहीन. तुला लिहिणार नाही.

तरुलता

*

खंभात
आषाढ वद अमास

भद्रेश,

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यातलं एकच वाक्य कामाचं: 'बेन, मी तिथंच होतो.' बाकी सगळा गूळ. लोक त्या फोटोपुढे थांबतात म्हणे. एक बाई रडली म्हणे, तिला तिची सासू आठवली. रडू दे. तिच्या घरी चौविहार नसेल.

तुझे वडोदऱ्याचे लोक फोटोत हात पाहतात, सुरकुत्या पाहतात, जाळीतून आलेला उजेड पाहतात. आमच्या पाड्यातला माणूस पहिल्यांदा काय पाहील? घड्याळ. बांच्या डोक्यावरचं ते पांढऱ्या तबकडीचं घड्याळ. त्यात सात पस्तीस झालेत. वर्षातला एक दिवस दाखव मला, की ज्या दिवशी खंभातला साडेसातनंतर सूर्य असतो. पंचांग माझ्यासमोर उघडं आहे. आषाढातल्या सगळ्यात मोठ्या दिवशीही नसतो.

एकोणिसाव्या वर्षी बांनी चौविहाराचं, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेण्याचं, पच्चक्खाण घेतलं. एकसष्ट वर्षं. बाळंतपणात नाही मोडलं, टायफॉइडमध्ये नाही. सोहमला लहानपणी वाटायचं की आजीला रात्री घसाच नसतो. आणि तुझ्या फोटोत त्यांच्या ओठाला वाटी लागलेली आहे, सात पस्तीसला, आणि ती वाटी माझ्या हातात आहे.

हसुमतीबेन परवा पहिल्या बसने आल्या. हातात ते कात्रण, चार घड्या घातलेलं. नमस्कारसुद्धा पुरा झाला नाही.

"दादा, तुझं भिंग दे."

हे अकीकचे मणी तपासत बसले होते. "कशाला?"

"बाच्या तोंडाशी काय आहे ते बघते."

"वाटी आहे," मी म्हटलं.

"ती दिसतेय मला. वरती घड्याळात काय वाजलंय ते दिसत नाही." छाप्यातले ते ठिपके ठिपके. बाईंनी भिंग मागे केलं, पुढे केलं. "सात पस्तीस."

"सकाळचे."

"खाली तर संध्याकाळ लिहिलंय."

"भद्रेशने लिहिलंय. बाराला उठणारा माणूस तो, त्याला सकाळ काय नि संध्याकाळ काय!"

हे हसले. एकटेच.

"सकाळी साडेसातला एवढा काळोख, भाभी?"

"आतल्या खोलीत कधी उजेड असतो? तुमचं लहानपण गेलंय तिथं."

मग त्या खाखरा मोडून छासेत बुडवत राहिल्या, इतका वेळ की त्याचं पीठ झालं. जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, "भाभी, मी भांडायला आले नाही. बाचा दागिना मागितला नाही, घर मागितलं नाही. मला तिचा चौविहार तेवढा राहू द्या."

आता हे ऐकून तू म्हणशील, मग खरं काय ते सांगून टाक ना. सोपं आहे तुझ्यासारख्याला. उपाश्रयात बांच्या नावाचा आरसपानी फलक लागणार आहे. 'एकसष्ट वर्षं अखंड चौविहाराच्या आराधक'. पर्युषणाच्या पहिल्या दिवशी, सगळ्या संघासमोर. सेवंतीभाई ट्रस्टी आहेत, त्यांनी कारागिराला मजकूर देऊनही टाकलाय. वर्षं कुणी सांगितली? मी. बांची आराधनेची वही मीच लिहीत होते, त्यांचे डोळे गेल्यापासून. रोज एक टिंब. त्या दिवसाच्या चौकोनातही टिंब आहे, भद्रेश. माझ्याच हातचं.

हो. संध्याकाळ होती. पाणी मीच दिलं. सामायिकातून उठून दिलं. घडीत अजून अर्धी रेती वर होती, तीही तुझ्या फोटोत आहे. तुझ्या छापेवाल्याने तिला 'काळाचं प्रतीक' म्हटलंय. डोंबलाचं प्रतीक! मी मोडलेलं सामायिक आहे ते. आणि सामायिकात विजेचा उजेड अंगावर घ्यायचा नसतो म्हणून मी नेहमी कोपऱ्यात बसते, जिथं वासंतीबेनच्या स्वयंपाकघरातला बल्ब जाळीतून पोचत नाही. बांची खाट बरोबर त्या उजेडात. म्हणजे पाणी द्यायला मी उजेडात गेले. एका फोटोत तीन दोष. तुला एकही दिसला नाही आणि तू म्हणे माणसं पाहतोस.

फोटो उतरवणार नाहीस म्हणतोस ना, नको उतरवू. मग एवढं कर. सेवंतीभाईंना फलकाशेजारी लावायला बांचा फोटो हवाय आणि जगात बांचा हा एकच फोटो आहे. त्यातून बांना कापून काढ. नुसत्या बा. घड्याळ नको, वाटी नको, घडी नको, मी नको. प्रदर्शनातल्या फोटोतलंही घड्याळ काप. एवढी कात्री चालव, मी गप्प बसते.

तरुलता

*

खंभात
श्रावण सुद ९

भद्रेश,

मोठा फोटो तयार होतोय, टपालाने येईल, असं लिहिलंस ते बरं केलंस. पण त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात जे विचारलंस, ते विचारण्याचा अधिकार तुला कुणी दिला?

'बांनी तुला काहीतरी विचारलं आणि तू काहीतरी उत्तर दिलंस. मला शब्द ऐकू आले नाहीत. त्यानंतर तुझा चेहरा बदलला. मी तो चेहरा टिपला. काय बोललात?'

म्हणजे फोटो चोरलास तो चोरलास, आता शब्दही हवेत! तीन रात्री उत्तर लिहायचं नाही असं ठरवून झोपले. आज सकाळपासून चूल सोडून हेच लिहीत बसले आहे. डाळ लागली. घे, भर तुझी पिशवी.

त्या दिवशी वैशाख वद बीज होती. उकाडा असा की मातीच्या माठालाही घाम. बांनी दुपारपासून काही घेतलं नव्हतं. चमचाभर पाणी दिलं तर तोंडातून परत यायचं. सूर्यास्ताच्या आधी मी तीनदा विचारलं, "बा, पाणी?" तीनदा मान हलली, नको. मग सूर्य गेला. मी कटासणं घातलं, घडी उलटी केली. तुझं टिक टिक चाललंच होतं.

आणि मग बा म्हणाल्या, "तरु."

सत्तावीस वर्षांत त्यांनी मला 'वहू' सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. मी मागे पाहिलं नाही. सामायिक आहे, बोलायचं नाही. परत, "तरु. पाणी."

तुला माहीत आहे का, ही बाई मागत नसे? माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्या तापाने फणफणल्या होत्या. मी विचारलं, काही हवं का? म्हणाल्या, "हवं असलं तर उठून घेईन. मागायची सवय लागली की माणूस भिकारी होतो." रोटलीला तूप कमी पडलं तर बोलत, पण ते माझी चूक म्हणून, त्यांना हवं म्हणून नाही. सत्तावीस वर्षं मी वाट पाहिली, ही बाई एकदा तरी माझ्याकडे काहीतरी मागेल. मागितलं तेव्हा सूर्य बुडालेला.

मी उठले. घडी वाहत होती. वाटी भरली. खाटेशी गेले, त्यांच्या मानेखाली हात घातला. तेव्हा त्यांनी विचारलं, "सूर्य आहे का गं अजून?"

मी म्हटलं, "आहे, बा. चौकात ऊन आहे. प्या."

हे ऐकायचं होतं ना तुला? हे बोलल्यावर माझा जो चेहरा झाला तो तू टिपलास आणि त्याला काचेत बसवून भिंतीवर लावलास. 'अर्ध्या उजेडात माणसं खोटं बोलत नाहीत.' भद्रेश, मी जन्मातलं सगळ्यात मोठं खोटं त्याच अर्ध्या उजेडात बोलले, तुझ्या भिंगासमोर, एका आंधळ्या बाईशी. तिचं एकसष्ट वर्षांचं व्रत तिला न सांगता मोडलं. तिने मोडलं असतं तर तिचं होतं. मी तेही तिच्याकडून काढून घेतलं. तीन दिवसांनी त्या गेल्या, चौविहार अखंड आहे अशा समजुतीत. आणि जग म्हणतंय, काय ती सून!

तुझ्यावर राग आहे तो आहेच. पण तू नसतास तर ही गोष्ट आतल्या खोलीतच विझली असती. मीही हळूहळू विसरले असते. 'ऊन होतं' असं मलाच खरं वाटायला लागलं असतं. माझ्यासारखी माणसं अशीच तर जगतात. तू तेवढंसुद्धा ठेवलं नाहीस.

फोटो रजिस्टर टपालाने पाठवू नकोस, साध्या टपालाने येतो. उगाच पैसे उडवायची तुझी सवय.

तरुलता

*

खंभात
श्रावण वद ११

भद्रेश,

फोटो सोमवारी आला. रजिस्टरनेच.

दोन दिवस पुठ्ठ्यातून काढलासुद्धा नाही. काल सेवंतीभाई स्वतः दारात. "तरुबेन, फ्रेमवाला खोळंबलाय, परवा पर्युषण बसणार." तेव्हा काढला. सांगितलं होतं तसंच केलं आहेस, कबूल करते. घड्याळ नाही, वाटी नाही, मी नाही, कापता आलं नाही ते पुसून टाकलंयस. फक्त बा, डोक्यापासून कमरेपर्यंत मोठ्या केलेल्या, चेहरा थोडा वर, डोळे मिटलेले. छाप्यात होत्या तशा ठिपक्यांच्या नाहीत. गालावरचा तीळ दिसतो. गोधडीचा टाका दिसतो.

सेवंतीभाई म्हणाले, "वा! समाधी लागल्यासारखं तेज आहे."

मी म्हटलं, "द्या इकडे जरा." यांचं भिंग आणलं.

तू सहा वर्षांचा असताना आईने तुला शिकवलं होतं, आता विसरला असशील. पच्चक्खाण पारायचं असतं तेव्हा, म्हणजे घेतलेला नेम संपवून तोंडात काही घालायच्या आधी, उजव्या हाताची मूठ वळायची, अंगठा आत, मूठ खाली टेकवायची, नवकार म्हणायचा. मगच घोट. तू घाईत अंगठा बाहेर ठेवायचास आणि आई परत करायला लावायची.

गोधडीवर बांचा उजवा हात आहे. मूठ वळलेली. अंगठा आत.

दुखण्याने आवळलेली मूठ कशी दिसते ते मला ठाऊक आहे, मी तीन महिने तो हात चोळलाय. ती मूठ अशी नसते. ही टेकवलेली मूठ आहे, मनगट सरळ. रोज सकाळी साठ वर्षं टेकवली तशी. मी मानेखाली हात घालून वाटीकडे बघत होते. खाली गोधडीवर काय आहे ते मला दिसलंच नाही. तुलाही दिसलं नव्हतं, असतं तर आगाऊपणाने लिहिलं असतंस.

त्यांना माहीत होतं, भद्रेश.

आणि मग मला उलगडलं की माहीत नसणं शक्यच नव्हतं. दिसत नव्हतं, पण कान? अंगणात कोण आलं ते चपलेवरून ओळखणारी बाई. देरासरात आरतीची घंटा कुणी वाजवली, सेवंतीभाईंनी की त्यांच्या मुलाने, ते खाटेवरून सांगायची. त्या दिवशी मी सामायिकात बसायच्या आधीच आरतीची घंटा होऊन गेली होती. ती त्यांनी ऐकली. त्यानंतर पाणी मागितलं. त्यानंतर मला विचारलं, सूर्य आहे का. मी आहे म्हटलं. त्यांनी मूठ वळली, नवकार म्हटला आणि प्यायल्या.

कशासाठी विचारलं मग? काल रात्रभर हाच राग. मला खोटं बोलायला का लावलं? 'घंटा झाली, तरी दे' असं म्हणता आलं नसतं? मी दिलं असतं ना! की मी नाही म्हणेन अशी भीती होती? सत्तावीस वर्षं घरात राहून एवढीच ओळख? फोटोला विचारलं मी हे, मोठ्याने. हे उठून बसले. म्हणाले, "कुणाशी भांडतेस?" मी म्हटलं, "तुमच्या आईशी. झोपा."

सकाळी उपाश्रयात मोठ्या साध्वी महाराजसाहेबांकडे गेले. त्यांच्या खोलीत दिवा नसतो, पहाटेचा उजेड खिडकीतून निम्म्या चेहऱ्यावर येतो. तुला आवडला असता तो उजेड, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. आता मीही माणसांकडे असंच बघणार की काय?

सगळं सांगितलं. पाणी, ऊन, टिंब, सकाळचे सात पस्तीस.

महाराजसाहेब म्हणाल्या, "आजारपणासाठी पच्चक्खाणात सूट असते, तरुबेन. रोज सूत्र म्हणता, त्यात ते शब्द आहेत. पाण्यासाठी एवढ्या घाबरलात?"

"मग मला दोष नाही?"

"पाण्याचा फारसा नाही. सामायिक अर्धं मोडलंत, त्याच्या बदली अकरा करा. खोट्याचा मात्र आहे. किती वेळा बोललात?"

"बांशी एकदा. नणंदेशी एकदा. वहीत एकदा. भावाला पत्रात एकदा."

"फलक धरला नाहीत."

मी मान खाली घातली.

"तुमच्या सासूला, चंचलबेनला, आता सांगता येणार नाही. उरलेल्यांना सांगा."

तिथून सरळ सेवंतीभाईंकडे. म्हटलं, "फलकातला 'अखंड' काढा."

ते म्हणाले, "संगमरवरात कोरलंय, बेन! पाटीवरचा खडू आहे का, पुसायला?"

"मग लावू नका."

"संघाला काय सांगू?"

"सांगा, वैशाख वद बीजेला बांना तहान लागली होती. सात पस्तीसला पाणी प्यायल्या. सुनेने दिलं."

"तरुबेन, बोलायची काही रीत आहे..."

"तीच तर शिकून आले आत्ता."

फलक उद्या लागणार नाही. पाड्यात काय चाललं असेल ते तू ओळख. वासंतीबेनने दुपारी जाळी बंद केली. उजेड येत नाही, बरं झालं, सामायिक आता कुठेही बसून करता येईल.

सगळ्यात अवघड हसुमतीबेन. जाळी बंद केली तरी वासंतीबेनने फोन तेवढा करू दिला, ऐकायला मिळतं ना! मी सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील.  पण म्हणाल्या,

"मूठ उजवी की डावी?"

"उजवी."

"अंगठा?"

"आत."

 

"भाभी, मी तिची एकुलती एक मुलगी," त्या म्हणाल्या. "तिनं मला कधी पाणी मागितलं नाही."

आणि फोन ठेवला.

तरुलता

*

खंभात
भादरवा सुद ४, संवत्सरी

चि. भद्रेश,

हे पत्र लिहिणार नव्हते. आज प्रतिक्रमणात सगळ्या जीवांची क्षमा मागितली, मुंग्यांची, पाण्यातल्या जीवांची, आणि तुझ्यापाशी अडले. सहा वर्षांच्या तुझा बाहेर राहिलेला अंगठा डोळ्यांपुढे आला. तेव्हा लिहिते. ज्या खोट्यात तुला ओढलं, सकाळ म्हण म्हणून धमकावलं, त्यासाठी मिच्छामि दुक्कडम. तुझा फोटो कापायला लावला, त्यासाठीही.

पण चोरून काढलास त्याबद्दल मी तुला अजून क्षमा केलेली नाही. तू मागितलेलीही नाहीस. चार पत्रं आली तुझी. उजेड आहे, हात आहेत, कला आहे, 'बेन, चुकलो' कुठे नाही. तुझ्या त्या पन्नास माणसांपैकी कितीजण असे कुठल्या ना कुठल्या अठ्ठेचाळीस मिनिटांत बांधलेले होते, ते एकदा मोजून बघ. इस्पितळातल्या त्या म्हातारीला उठून जाता येत होतं का?

हसुमतीबेन काल आल्या, उपवासातच. मला वाटलं भांडतील. आतल्या खोलीत गेल्या, बांच्या खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "पूर्ण फोटो मागवा. कापलेला नको." मी म्हटलं, "घड्याळासकट?" तर म्हणाल्या, "घड्याळ काढलं तर ती नुसती झोपलेली म्हातारी दिसते." मग आम्ही दोघींनी भिंत ठरवली. यांनी खिळा ठोकला, वाकडा. तेव्हा पूर्ण फोटो पाठव. साध्या टपालाने.

एक गोष्ट राहिली. तुझ्या कॅमेऱ्याची टिक मला कोपऱ्यात ऐकू येत होती, तर बांना खाटेवर आली नसेल? नक्की आली. आयुष्यभर फोटोच्या नावाने उठून आत जाणारी बाई. त्या दिवशी उठण्याची ताकद नव्हती हे खरं, पण तोंड फिरवता येत होतं. मला 'नको' म्हणून तीनदा फिरवलंच होतं. तुझी टिक ऐकून त्यांनी तोंड फिरवलं नाही. हनुवटी वर केलेली आहे, बघ फोटोत. मूठ उजेडात ठेवलेली आहे. लपवत होते ती मी.

दिवाळीला ये. पिशवी आणलीस तरी चालेल. मात्र दारात चौकटीला टेकून उभा राहायचं नाही. आत यायचं, खाटेवर बसायचं, पिशवी पायाशी ठेवायची. मी सामायिकात असेन. रेती पूर्ण खाली येऊ दे. मग मी तुझ्याकडे तोंड करून बसेन आणि सांगेन, काढ की नको काढू.

तुझी मोठी बहीण
तरुलता